दीर्घिका शिकवत होते तेव्हा

"वाका. तुमच्या जातीला वेचायची सवय असतेच."

संस्थाचालक हे बोलले तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यासमोर उभी होते. अकोल्यात, जठारपेठेतल्या एका खाजगी शाळेत. पायाशी ज्वारी सांडलेली. ती त्यांनीच हातानं टेबलावरून लोटली होती.

झालं असं. एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, तारा फुगत फुगत गेला तर त्याची दीर्घिका होते का?"

चांगला प्रश्न. मी लाल फुगा फुगवला. म्हटलं, हा राक्षसी तारा. म्हातारा. पोटातलं इंधन सरत आलं की असा फुगतो. सूर्याच्या जागी ठेवले तर यातले काही पृथ्वीलाही गिळतील. पण किती का फुगेना, तारा तो एकच. मग पिशवीतली ज्वारी टेबलावर भोवऱ्यासारखी पसरली. ही दीर्घिका. यातला एकेक दाणा एकेक तारा, आणि असे अब्जावधी. मधे वायू, धूळ. सगळे एकमेकांच्या ओढीनं बांधलेले. मोठ्यातला मोठा तारा ओलांडायला उजेडाले काही तास लागतात. आपली आकाशगंगा ओलांडायला लाखभर वर्षं.

'उजेडाले' म्हटलं मी. रंगात आले की घरची बोली निघते. नेमके तेव्हाच संस्थाचालक पाहुण्यांना शाळा दाखवत आत आले.

"उजेडाले?" ते हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा भाषा. आणि हा किराणा कशाला इथे?"

हात फिरवला. ज्वारी खाली. मग ते वाक्य.

मी वाकले. हो, वाकले. गावी, भातकुलीला, माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. आता तिची कंबर गेली. घरात कमावणारी मीच. बी.एड. होऊन मी किती शाळांच्या दारात उभी राहिले, तेव्हा कुठं हा वर्ग मिळाला होता. फरशीवर गुडघे टेकून मी दाणे वेचू लागले. प्रश्न विचारणारी मुलगी मदतीला उठली.

"तू बस," ते म्हणाले. "हे तुझं काम नाही."

म्हणजे माझं. जन्मानं माझं. हे ते त्या पोरीला शिकवून राहिले होते. माझ्या वर्गात, माझ्या तासाला.

मी मूठ उघडली. दाणे परत फरशीवर. उभी राहिले.

"मी नाही वेचत. तुमी सांडली, तुमी वेचा."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच शिपायानं सांगितलं, येऊ नका. मी तिथून पोलीस ठाण्यात गेले. जातीवरून बोलले, वर्गासमोर बोलले. तक्रार दिली.

त्यानंतर सगळं बंद. अमरावतीत मुलाखतीला जाते. नाव सांगितलं की केस करणारी ती हीच, हे ओळखून समोरचा मान खाली घालतो. कळवतो म्हणतो. कळवत कोणी नाही. पोलिसांनी विचारलं तर वर्गातल्या कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं म्हणे. पाहुण्यांनाही नाही. त्या मुलीच्या वडिलांनी हात जोडले, "मॅडम, आमच्या पोरीले यात ओढू नका." नाही ओढलं.

माय म्हणते, "मागं घे व पोरी केस. त्यायले आपण कुठवर पुरणार? आपल्याले इथंच राहा लागते."

तिचं चुकत नाही. काही दिवस असे जातात की अंथरुणातून उठायचंही बळ नसतं. वाटतं, कोणासाठी हे?

मागच्या तारखेला वकीलबाईंनी सरळ सांगितलं, "साक्षीदार नाही. आपण हरू शकतो."

मी विचारलं, "हरलो तरी निकालात आरोपी म्हणून त्यायचं नाव राहील ना?"

"राहील."

"मग चालवा."