कॅथरीन गॉर्जचा कावळा

आई पटकन हो म्हणाली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी साधं मॉलमध्ये चल म्हटलं तरी ही दहा कारणं काढते. आणि इथं मी म्हणतेय, मोटरहोम भाड्याने घेऊ, डार्विनहून कॅथरीन गॉर्जला जाऊ, त्या गाडीतच झोपायचं, तिथंच रांधायचं, तर म्हणे, "जाऊ की."

माझा हेतू सरळ होता. बाबांना जाऊन दोन वर्षं झालेली, मी एकुलती एक, आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी. सध्या ऑस्ट्रेलियात आमच्याकडे आलेली, परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं. ते रद्द करून तिनं कायमचं आमच्याकडे राहावं म्हणून मी चार महिने तिच्या मागे लागले होते. ती धड हो म्हणत नव्हती, धड नाही म्हणत नव्हती. इथल्या कोरड्या मोसमातलं निळं आकाश, ते लाल कडे, खाली हिरवं पाणी, एवढं दाखवलं की विरघळेल असं मला वाटलं.

पण निघाल्यापासून आई आणि माझा नवरा यांचं काहीतरी गुळपीठ चाललं होतं. मी पेट्रोल पंपावर उतरले की कुजबुज, परत चढले की दोघं चिडीचूप. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर साखर शोधताना कपाटात काळ्या तिळाची पुडी सापडली.

"हे कशाला?"

"असू दे गं," आई म्हणाली. नवरा लगेच चहाच्या आधणात डोकं घालून उभा राहिला. सासू-जावयाचं एवढं सूत मी कुणाच्या घरात पाहिलं नाही. माझी खात्रीच पटली, हाच तिला परत जायला फूस लावतोय. घरात निवांतपणा हवा असेल साहेबांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर गाडीत कुणीच नाही. शेगडीवर भाताचं पातेलं, अजून गरम. चपला अडकवल्या आणि निघाले. पिकनिकच्या टेबलांपलीकडे, कड्याच्या अलीकडे, दोघं उभे. आईच्या पायाशी कागदी प्लेट, तीत दहीभात, वर तीळ. समोरच्या झाडावर कावळा.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. बाबांचा दिवस मी तारखेनं धरते, आई तिथीनं. तिथी आज होती. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी असल्या गोष्टींना नावं ठेवते, आणि ठेवणारच.

नवऱ्याला घाम फुटला होता. शेजारीच पक्ष्यांना खायला घालू नये अशी पाटी, आणि हा, पार्कचा रेंजर येतोय का ते बघतोय. कावळा काही हलेना. मला तेही खटकलं. आदल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यानं पाठ वळवताच अशाच एका कावळ्यानं त्यांचा टोस्ट पळवला होता. मग आजच याला एवढं सोवळं कुठून सुचलं?

"बाबा, आईंची काळजी करू नका. आम्ही आहोत," नवरा हळूच म्हणाला. कावळा ढिम्म.

मग मीच पुढे झाले. म्हटलं बघू. "बाबा, आई आता आमच्याकडेच राहणार आहे. कायमची."

कावळ्यानं मान फिरवली. खरंच फिरवली.

आता आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "अहो, मी पुढच्या महिन्यात घरी येतेय. आपल्या घरी. तिकीट रद्द करत नाहीये."

आणि तो खाली उतरला. भाताला चोच लावली.

नवऱ्यानं हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण मी एक गोष्ट पाहिली होती. आई इतका वेळ प्लेटला खेटून उभी होती, ओढणी वाऱ्यावर फडफडत. बोलून झालं तशी ती चांगली लांब मागे सरकली, आणि मगच कावळा आला.

गाडीत आल्यावर मी विचारलं, "तू मुद्दाम तिथं उभी होतीस ना?"

"हो."

नवरा आ वासून बघत राहिला. बिचारा तिळापुरताच कटात होता.

"मग मला सरळ सांगायचं होतंस."

"सांगायला गेले की तू जिना काढतेस, एकटेपणा काढतेस. तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय? म्हटलं, माझं नाही तर त्यांचं तरी ऐकशील."

मला इतका राग आला की पुन्हा तेच तोंडातून निघालं. "आणि तिथं एकटीला काही झालं तर?"

"होईल की," आई म्हणाली. "कधीतरी व्हायचंच आहे. पण ते माझ्या घरात होऊ दे, बाळा."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले.