अकरावं हत्यार

चौतीस वर्षं मी विमानांच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल फिटर होतो आणि त्या चौतीस वर्षांत मी एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. यात कोणाचा अपमान नाही, आमच्या कामाची रीतच ती. विमानात हात घालण्याआधी हत्यारं मोजायची, वहीत आकडा लिहायचा, काम संपलं की पुन्हा मोजायची. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलत नाही! आत राहिलेला स्क्रूड्रायव्हर हवेत गेल्यावर नेमका कुठे जाऊन अडकेल, हे कोणीच सांगू शकत नाही. निवृत्तीनंतर मी नाशिकजवळच्या एका विमान प्रशिक्षण संस्थेत अर्धवेळ जाऊ लागलो, तेही हा संशय बरोबर घेऊनच. (घरी तो होताच. दूध उतू गेलं की माझी बायको सुनंदा मी काही विचारायच्या आधीच "गॅस तुम्हीच मोठा केला होता" म्हणून मोकळी होते.)

याच संस्थेत माझी भाची ऋतुजा विमान चालवायला शिकत होती. मागच्या खेपेला एकटीच उडत असताना चांदवडच्या वर तिचा नकाशांचा टॅबलेट चार्जिंग संपून बंद पडला आणि पोरगी खाली हायवे बघत बघत परत आली. हे तिच्या वडिलांना कळलं. तिचे वडील म्हणजे माझे दाजी, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. ते फोनवर कडाडले, "ट्रॅक्टरमा चार्जिंग शे, पिकअपमा शे, आनि इमानमा नही?"

आता ट्रॅक्टरला चार्जिंगचा सॉकेट बसवायला पंधरा मिनिटं लागतात. विमानाच्या पॅनेलवर तोच सॉकेट बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्यातले सगळे दिवस कागदांत गेले! वायर कुठली, फ्यूज केवढा, आणि त्या अंगठ्याएवढ्या सॉकेटचं वजन किती, तेसुद्धा लिहून द्यावं लागलं. अखेर मंजुरी आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी ऋतुजाचं शेवटचं लांब पल्ल्याचं उड्डाण होतं. तीनच्या आत निघाली तर ती उजेडात परत येणार. नाही निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून विमान महिनाभर तपासणीला बसणार आणि परवान्याच्या परीक्षेतला तिचा नंबर हुकणार.

सकाळी मी पेटी घेऊन पोचलो. विमानाच्या नाकावर आदल्या दिवशीची झेंडूची माळ होती, ती काढली. संस्थेच्या इंजिनीअर मॅडम वही घेऊन आल्या. विमान सोडायची शेवटची सही त्यांची.

"काका, हत्यारं मोजलीत ना?"

मी दुखावलो. "मॅडम, चौतीस वर्षं माझ्या पेटीत अकरा हत्यारं आहेत!"

वहीत ठसठशीत 'अकरा' लिहिलं, खाली सही ठोकली आणि कामाला लागलो. दहापर्यंत सॉकेट बसला. तो चालू केल्यावर होकायंत्राची सुई हलत नाही ना, रेडिओत खरखर येत नाही ना, सगळं बघून झालं. तेवढ्यात लेकीचं उड्डाण बघायला आलेले दाजी विमानाच्या दारात उभे राहिले.

"मना फोन लाई दखू का?"

जावयाला नाही कसं म्हणणार? मी त्यांना सीटवर बसवलं. त्यांनी फोन लावला, चार्जिंग सुरू झालं आणि त्यांनी तिथूनच सटाण्याला कांद्याचा भाव विचारला. मग ते समाधानाने खाली उतरले आणि मी पेटी आवरायला घेतली. हत्यारं दहा भरली.

पुन्हा मोजली. दहा! जमिनीवर ओळीने मांडून मोजली, उलटीकडून मोजली. दहाच! माझा पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर नव्हता.

"विमान उडणार नाही," मॅडम म्हणाल्या.

माझी नजर सावकाश दाजींकडे वळली. इतका वेळ विमानात बसलेला दुसरा माणूस कोण?

"दाजी, जरा खिसे बघू."

"जवाईनी झडती लेतस तुम्ही?" दाजींचा आवाज धावपट्टीच्या पलीकडे गेला असेल. तरी रागारागाने त्यांनी खिसे उलटे केले. नमुन्याचा एक कांदा निघाला. चंची निघाली, चंचीतून सुपारी, चुन्याची डबी आणि पितळी अडकित्ता निघाला. स्क्रूड्रायव्हर नाही. "विमानाजवळ असल्या वस्तू आणतात का?" असं ओरडून मी तो अडकित्ता गेटवर जमा करतो म्हणून ताब्यात घेतला. दाजी जे तोंड फिरवून बसले, ते बसलेच.

मग मी सुनंदाला फोन लावला. "कुकरचं हँडल घट्ट करायला माझा पिवळा स्क्रूड्रायव्हर घेतलास ना?"

"मी तुमच्या पेटीला हात लावत नाही."

"मागे लावला होतास!"

"मागे म्हणजे ऋतुजाच्या बारशाला! आणि ती आता विमान चालवते!" तिने फोन आपटला. माझा संशय दुप्पट झाला.

पण संशयाने विमान सुटत नाही. सीट काढल्या. खालचे गालिचे काढले. पॅनेल पुन्हा उघडलं, पोटाखालची झाकणं उघडली. बॅटरी घेतली, दांडीचा आरसा घेतला, लोहचुंबक घेतलं. दोन पेनं सापडली, चॉकलेटचा कागद सापडला, केसांचा एक चाप सापडला. (मी चाप ऋतुजासमोर धरला. "मामा, माझे केस कापून दोन वर्षं झाली," ती म्हणाली.) सकाळी उडण्याच्या तयारीत असलेलं विमान साडेबारापर्यंत भंगारवाल्याकडे निघाल्यासारखं दिसू लागलं.

ऋतुजा हेडफोन मांडीवर घेऊन बसली होती. "मामा, आत नसेलच तो. बंद करून टाका ना. तीन वाजतील."

"'नसेलच'वर विमान उडत नाही, बाळा." मी ओरडलो आणि आरसा घेऊन पुन्हा पॅनेलखाली घुसलो. वैमानिकाच्या पायाशी सुकाणूचे पेडल असतात. तो स्क्रूड्रायव्हर त्यांच्यामागे असेल आणि ही एकटी वर असेल, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नव्हतं. हिला मी कडेवर खेळवलेलं. हिची परीक्षा बुडाली तर ती माझ्याशी वर्षभर बोलणार नाही, चालेल. पण मी ते विमान सोडणार नव्हतो.

पाऊण वाजता सुनंदाचा फोटो आला. आमचा देव्हारा. कालच्या झेंडूच्या ढिगात, आपट्याच्या पानांखाली, हळदकुंकू लावलेला माझा पिवळा स्क्रूड्रायव्हर! पाठोपाठ फोन आला.

"निर्माल्य काढत होते. काल पूजेला हत्यारं तुम्हीच मांडलीत, आज सकाळी उचललीतही तुम्हीच. मी म्हटलं होतं, मोजून घ्या. तुम्ही काय म्हणालात?"

"देवासमोरून कोण चोरतंय," असं मी म्हणालो होतो. आयुष्यात एकदाच कोणावर तरी विश्वास ठेवला, तो नेमका त्या दिवशी. म्हणजे सकाळी मी पेटीत दहा हत्यारं नेली, न मोजता अकरा लिहिली आणि जे कधी विमानात आलंच नव्हतं, ते शोधायला सगळं विमान सोललं.

मी मॅडमना फोटो दाखवला.

"फोटोवर सही होत नाही, काका. वस्तू आणा."

सुनंदा स्कूटरवर आली. तिने मॅडमच्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि माझ्या हातात प्रसादाचा पेढा ठेवला. हळदकुंकू पुसल्यावर मुठीवर कोरलेलं माझं नाव निघालं. मग आम्ही सगळे विमानावर तुटून पडलो. झाकणं, पॅनेल, गालिचे, सीट! अडीचला शेवटचा स्क्रू बसला.

"आता मी मोजते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडली, एकेक हत्यार बाहेर ठेवलं आणि थांबल्या. "काका, बारा आहेत."

ऋतुजाने डोळ्यांवर हात ठेवला. तेवढ्यात चार तास पाठ फिरवून बसलेले दाजी उठून पेटीपाशी आले. मधल्या वेळात ते दोनदा गेटवर जाऊन आले होते आणि "वॉचमननी लिधा व्हई" असं पुटपुटत होते. त्यांनी पेटीशेजारची रांग पाहिली आणि किंचाळले,

"मना अडकित्ता! चोर सापडी गया!"

मी गडबडीत पेटीत टाकलेला तो अडकित्ता मॅडमनी दाजींना दिला, वहीत अकरा लिहिलं आणि सही केली. तीनला पाच कमी असताना ऋतुजा उडाली. साडेपाचला ती परत उतरली तेव्हा टॅबलेट पूर्ण चार्ज होता आणि मी आनंदाने रडत होतो.

पुढे तिला परवाना मिळाला. दाजी पेढे घेऊन घरी आले, बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला. मी एक पेढा उचलला. दाजींनी बॉक्स मागे घेतला आणि राहिलेले पेढे मोजले.