डावा खांदा

पाण्याचा घोट घेण्याआधी ती हनुवटी डाव्या खांद्याला टेकवायची. एकदाच, पटकन, माशी उडवल्यासारखी.

उत्तर द्यायच्या आधी नाकातून दोन छोटे श्वास सोडायची.

कुठेही उभी राहिली, अगदी दुधाच्या रांगेत, तरी तिची उजवी टाच जमिनीपासून किंचित उचललेली असायची.

चूळ कायम डावीकडे टाकायची.

राग आला की हसायची. फक्त वरच्या ओठाने.

हातात कात्री असली तरी दोरा दातानेच तोडायची.

दोऱ्याची ती शेवटची सवय सोडली, तर यातली एकही सवय मेघाताईची स्वतःची नव्हती. सगळ्या सुरेखाच्या होत्या. इल्माला हे कळायला दोन वर्षं लागली.

मेघाताईचं शेलूला स्टेशनजवळ शिवणकामाचं दुकान होतं. नव्या इमारतींतल्या बायका तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकायच्या, साड्यांना फॉल-पिको करून घ्यायच्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मशीन, मशीनवर ती. दुपारी एक ते चार दुकान बंद. त्या तीन तासांत ती नेरळला जायची. तिथे इल्माच्या वडिलांचं, इद्रिसभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मुलीसाठी रिंग बांधली होती. खांब प्लंबिंगच्या पाइपांचे, दोर टेंपोचे. मेघाताई तिथे इल्माला बॉक्सिंग शिकवायची.

ती स्वतः का खेळत नाही, हे इल्माने एकदा विचारलं. मेघाताईने मान वर न करता हातातलं काजं पूर्ण केलं आणि मग सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी ती आणि खोपोलीची सुरेखा एकाच हॉलमध्ये सराव करायच्या. एका डब्यात जेवायच्या. राज्याच्या निवडीला एक दिवस उरला असताना सरावात सुरेखाचं डोकं लागलं आणि मेघाताईची भुवई फुटली. तिने जखम चिकटवली, वर पावडर लावली. सकाळी डॉक्टरांनी सगळ्या मुलींना तपासलं. मेघाताई पास झाली. मग सुरेखा परत डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, तिची भुवई पुसून बघा.

डॉक्टरांनी पुसली. मेघाताई बाद झाली. फायनलला सुरेखा रिंगमध्ये एकटीच चढली आणि विजेती म्हणून उतरली. पुढे पदकं आली, रेल्वेत नोकरी आली, चौकाचौकात फोटो लागले.

“ती खोटं बोलली असती ना, तर मी इसरले असते,” मेघाताई म्हणाली. “खरं बोलली. त्याचा राग जात नाय.”

यंदा खोपोलीच्या मैदानावर महामुकाबला जाहीर झाला. एकीकडे छत्तीस वर्षांची सुरेखा, एकोणतीस विजय. दुसरीकडे बावीस वर्षांची इल्मा, नऊ लढती, एकही हार नाही. दोन-दोन मिनिटांचे आठ राऊंड.

इद्रिसभाईंना मेघाताईचा चेहरा बघून सगळं समजलं. “मेघा, ही माझी पोर हाय,” ते म्हणाले. “तुझं हत्यार नाय.”

“इद्रिसभाई, ती जिंकली तर तुमाला नको हाय का?”

त्यांनी गिऱ्हाइकाला खिळे मोजून देण्यात लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवसापासून मेघाताई शेडमध्ये सुरेखा होऊ लागली. सुरेखासारखी चालायची, सुरेखासारखी वाकायची, डाव्या हाताचा हूक सुरेखासारखा आडवा फेकायची.

“आज कोण?” इल्मा ग्लोव्हज बांधताना विचारायची.

“सुरेखा.”

“आणि आमच्या मेघाताई?”

“पिको करतायत. तू हात वर घे गं.”

लढतीला दोन आठवडे असताना कर्जतला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. इल्मा आणि सुरेखाला समोरासमोर उभं करून फोटो काढले, शाली दिल्या. मेघाताई मागच्या खुर्च्यांत बसली होती. अकरा वर्षांत तिने सुरेखाला मोबाईलवर रोज पाहिलं होतं, समोर एकदाही नाही. परत येताना टेंपोत ती वरच्या ओठाने हसली.

“डावा खांदा गेलाय तिचा.”

“कशावरून?”

“रोज धा बायकांना हात वर करायला सांगते मी. कुणाचा कुठवर जातो ते मला कळतं. तिच्या जॅकेटला डाव्या काखेत जादा कापडाची कळी घातलीय. उजव्या काखेत नाय. हात वर जात नाय म्हणून सोय करून घेतलीय. शालसुद्धा उजव्या हातानं ओढून घेतली.”

इल्मा म्हणाली, “डॉक्टरांना कळलं तर लढत रद्द होईल.”

“म्हणून तर कळू द्यायचं नाय. रद्द झाली तर ती पडंल कशी?”

टेंपो चालवणाऱ्या इद्रिसभाईंनी आरशात एकदा मुलीकडे पाहिलं.

आता मेघाताईने सुरेखा बदलली. आतापर्यंत ती अकरा वर्षांपूर्वीची सुरेखा होती. आता ती दुखऱ्या खांद्याची झाली. तिसऱ्या राऊंडनंतर हा हात खाली येणारच, असा तिचा हिशेब होता. ती मुद्दाम डावा हात छातीपर्यंत उतरवायची आणि म्हणायची, “आला बघ खाली. वरून उजवा मार. थांबू नको.”

इल्मा मारायची. मेघाताईने हेडगार्ड घातलेलं असायचं, पण इल्माचा उजवा हात जड होता. ठोसा लागला की मेघाताई दोन पावलं मागे जायची, परत यायची, परत डावा हात उतरवायची.

“अजून.”

असं रोज. एका दुपारी तिला सुईत दोरा ओवता येईना. तिने आईकडून, अंबाबाईंकडून ओवून घेतला. एका शाळेच्या सदऱ्याला तिने काजं उलट्या बाजूला केली आणि स्वतःच उसवत बसली. इल्माने विचारलं, “ताई, डोकं दुखतंय का तुमचं?”

“सुरेखाचं दुखत नाय.”

“मी तुमचं विचारतेय.”

“माझं शनवारच्या लढतीनंतर बघू.”

बुधवारी शेवटचा सराव झाला. इल्माने सतरा वेळा तो ठोसा मारला. सतराव्याला मेघाताई गुडघ्यावर बसली. उठली. इल्माच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “अश्शी पडंल ती. अशीच.” एवढं खूश इल्माने तिला कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मेघाताई दुकानात मशीनवरून खाली कोसळली. डोक्यात रक्त साकळलं होतं. संध्याकाळपर्यंत ती गेली.

शुक्रवारी शेलूच्या स्मशानात तिचा अंत्यविधी झाला. इद्रिसभाई म्हणाले, उद्याची लढत होणार नाही. इल्मा अंबाबाईंसमोर जाऊन बसली. सतरा ठोशांचं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

अंबाबाईंनी ऐकून घेतलं. “तिनं सोता उभं राहून खाल्ले ते,” त्या म्हणाल्या. “तुला काय बोलू मी? पन सुरेखा पडलेली तिला बघायची व्हती. ती बघणार नाय. तू पाड.”

शनिवारी संध्याकाळी इल्मा रिंगमध्ये चढली. तिला कप नको होता, टाळ्या नको होत्या. समोरची बाई खाली पडलेली हवी होती. पहिले दोन राऊंड तिने सुरेखाला श्वास घेऊ दिला नाही. सुरेखा जिथे जायची तिथे इल्मा आधीच उभी असायची. लोकांना वाटलं, आता म्हातारी आटोपली.

तिसऱ्या राऊंडच्या शेवटी ते झालं. सुरेखाचा डावा हात हळूहळू छातीपर्यंत उतरला. अगदी तेवढाच, तसाच. सुरेखाने नाकातून दोन छोटे श्वास सोडले आणि हनुवटी डाव्या खांद्याला टेकवली.

इल्माचा उजवा हात निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

समोर मेघाताई उभी होती. मार म्हणत होती.

चौथ्या राऊंडला तो हात पुन्हा उतरला. पाचव्याला दोनदा. कोपऱ्यातून इद्रिसभाई हाका मारत होते. इल्मा डाव्या हाताने लढत राहिली, मागे सरकत राहिली. उजवा हात निघायचा आणि जागीच मरायचा. सुरेखाला ते समजलं. उरलेले राऊंड तिने एका हाताने, सावकाश, गुण गोळा करत काढले. निकाल तिच्या बाजूने लागला.

कपडे बदलायच्या खोलीत सुरेखा स्वतः आली. डाव्या खांद्यावर बर्फाची पिशवी होती.

“तुला मेघानं तयार केलंय,” ती म्हणाली. “पहिल्या राऊंडलाच कळलं मला. कुठं हाय ती? मी खाली खुर्च्यांत बघत व्हते.”

“परवा गेल्या.”

“कुठं?”

“वारल्या. माझ्या ठोशांनी. त्या तुम्ही झाल्या होत्या.”

सुरेखा बाकावर बसली. पिशवीतलं पाणी तिच्या बाहीवरून गळत राहिलं. मग तिने चांगला हात पुढे केला. इल्माने तो घेतला नाही.

“तुमचा खांदा गेलाय हे आम्हाला दोन आठवडे माहीत होतं,” इल्मा म्हणाली. “डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही.”

सुरेखा ते ऐकून उठली आणि निघून गेली.

सोमवारी अंबाबाईंनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकांचे कपडे परत द्यायचे होते. इल्मा मदतीला गेली. मेघाताई प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची. नाव, माप, द्यायचा दिवस. दोघी चिठ्ठ्या वाचून गठ्ठे करत गेल्या.

मशीनवर, सुईखाली, एक काम अडकलेलं होतं. गुरुवारपासून तिथेच. निळं जाड कापड, त्रिकोणी कापलेलं. वर गळ्यात अडकवायला रुंद पट्टी. खांदा मोडलेल्या माणसाचा हात ठेवायची झोळी.

“कुनाचं गं हे?” अंबाबाईंनी विचारलं.

इल्माने चिठ्ठी वाचली. अक्षर मेघाताईचं होतं, नेहमीसारखं ठसठशीत.

‘सुरेखा. डावा हात. रविवारी, मी स्वतः नेऊन देणार.’

दोन कडा शिवून झाल्या होत्या. तिसरी अर्ध्यावर होती.