जपान्याची पंगत

देवळाली प्रवरात कुणाच्याही घरी कार्य निघालं की आचारी कोण हे नंतर ठरायचं, आधी सोपानअण्णांना सांगावा जायचा. अण्णा वाढपी, तेही निव्वळ हौसेचे. पंगत बसली की धोतराचा सोगा खोचून ते उभे राहायचे, आणि मग मंत्री आला तरी शेवटच्या पानावर तूप पडून श्लोक झाल्याशिवाय घासाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एका नव्या जावयाचा लाडवाकडे गेलेला हात त्यांनी भर मांडवात धरला होता. जावई रुसला, अण्णा बधले नाहीत. आणि कुणी 'बास' म्हणून पानावर आडवा हात धरला, तर ते त्या हातावरच वाढायचे. स्वतः मात्र ते पंगतीत कधी बसले नाहीत. सगळी उठली की चुलीपाशी उभ्याउभ्या चार घास, तेही बायकोनं, भागिरथीबाईंनी, डोळे वटारले तर.

सत्त्याण्णव साली शेजारचा सचिन जपानातल्या कारखान्यात ट्रेनिंग करून परतला आणि त्याच्या लग्नाला तिकडचा एक दोस्त आला. नाव योशिदा. धंदा सुशी करण्याचा, म्हणजे भाताचे मुटके वळायचे आणि त्यावर कच्चा मासा ठेवायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुम्ही मला एवढं खाऊ घातलंत, आज मी घालतो. नदीचा मासा कच्चा चालत नाही, हेही त्यानंच सांगितलं, तेव्हा अर्ध्या आळीचा जीव भांड्यात पडला. काकडी, अंड्याची पोळी आणि भाताला गुंडाळायला त्यानं बॅगेतून आणलेला समुद्री शेवाळाचा काळा कागद, एवढ्यावर भागणार होतं.

अण्णांनी रीतीप्रमाणे सतरंज्या अंथरल्या, पानं मांडली. जीवाला एकच घोर होता. एवढ्या लांबून आलेला माणूस, त्याच्या हातचं जेवण आपल्या गावात फसायला नको.

नेमकं तेच व्हायला लागलं. योशिदा पाटापुढं बसून एकेक मुटका वळे, स्वतः उठून पानावर ठेवी आणि खा, खा अशी खूण करी. अण्णा मागून दम भरत, "थांबा रे! समद्यांना वाढून हुंद्या!" योशिदा वाकून पुन्हा खूण करी. काय नम्र माणूस, असं म्हणत लोकही वाकून नमस्कार करत आणि हात आवरून बसत. तो ओळीच्या मध्यावर येईतो पहिल्या पानांवरचा काळा कागद भिजून लोळागोळा झाला होता. योशिदाचा चेहरा उतरत चालला.

"अण्णा," सचिन कानाशी येऊन म्हणाला, "त्यांच्यात हातातून आलं की लगीच खात्यात. थांबलं की चव गेली. त्याला वाटतंय, कुनाला आवडलंच न्हाई."

"आरं पन पंगत बसलीय! एकट्यानं कसं तोंड हलवायचं?"

तेवढ्यात योशिदानं हात पुसले आणि वळायचा थांबला. उभ्या जन्मात एवढी लाज अण्णांना कधी वाटली नव्हती. त्यांनी एकदा पंगतीकडं पाहिलं, हातातलं ताकाचं भांडं खाली ठेवलं, पाटापुढं गेले आणि हात पसरला.

"द्या."

योशिदानं मुटका वळून थेट त्यांच्या तळहातावर ठेवला. अख्ख्या पंगतीसमोर अण्णांनी तो तोंडात टाकला. कोमट, आंबटगोड भात, मग काकडी कुरकुरली. अण्णांचे डोळे आपोआप मिटले.

"लई ग्वाड! खावा की रं, माझ्याकडं काय बघता?"

मग काय विचारता! लोक पानं सोडून पाटाभोवती गोळा झाले, म्हाताऱ्यांपासून पोरींपर्यंत सगळ्यांचे तळहात पुढं. योशिदाला वळायला हात पुरेनात आणि हसायला तोंड.

सगळे उठल्यावर अण्णांनी पाहुण्याला बसवून पिठलं-भाकरी वाढली. तो खाईना. हात मांडीवर ठेवून शेजारच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवू लागला.

"मी मागनं," अण्णा म्हणाले. पाहुणा जागचा हलला नाही.

"बसा की आता," भागिरथीबाई म्हणाल्या, "का पाव्हना उपाशी ठेवताय?"

अण्णा संकोचून बसले. सवयच नव्हती, गुडघे कुठं ठेवावेत हेही कळेना. भागिरथीबाईंनी भाकरी वाढली, पिठलं वाढलं, लग्नातली उरलेली बुंदी वाढली, आणि पुन्हा मूठ भरून आणली. अण्णांनी पानावर आडवा हात धरला. "बास, बास."

"तुमी ऐकलं हुतं का कधी कुनाचं?" म्हणत त्यांनी बुंदी हातावरच ओतली.