सेलच्या आधी जाणारी आत्या

सेल लागायच्या आठवडाभर आधीच आत्या दुकानात जायची. आमच्या वासण्याच्या घरून रिक्षाने सयाजीगंजचा बाजार गाठायचा, आवडलेले कपडे हात लावून बघायचे, किमतीच्या टॅगचा फोटो काढायचा आणि काहीही न घेता परत यायचं. शाळेतून निवृत्त झालेली ही बाई एरवी कुणाशी हुज्जत घालत नसे. "स्वस्त देऊ नका, खरं सांगा," एवढंच तिचं म्हणणं.

एका दिवाळीला तिथल्या मोठ्या दुकानात ‘निम्मा भाव’ अशी पाटी लागली. आत्याने आधी नऊशेला पाहिलेल्या कुर्त्यावर आता अठराशेचं स्टिकर होतं, म्हणजे सेलमध्ये तो पुन्हा नऊशेलाच. तिने मोबाइलमधला फोटो काउंटरवर ठेवला. मालक हसून गुजरातीत म्हणाला, "मासी, सेलमां तो एवुं ज होय." सेलमध्ये असंच असतं, म्हणे. पण आजूबाजूच्या बायका फोटो बघायला वाकल्या आणि दोघीतिघी हातातले कपडे ठेवून निघून गेल्या.

पुढे कानावर आलं, की काउंटरवरच्या जयश्रीला मालकाने कामावरून काढलं. तिनेच जुना भाव फोडला, असा त्याला संशय होता. त्या दिवशी आत्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन दुकानात गेली. फोटो आपणच काढला होता, मुलीचा काही संबंध नाही, हे तिने मालकाला समजावलं. तो ऐकेना. तेव्हा आत्या ट्रायल रूमजवळच्या स्टुलावर बसली.

"मी इथे बसते आणि येईल तिला फोटो दाखवते," ती म्हणाली. "जयश्रीला परत बोलवा, मी उठते."

दुपारपर्यंत मालक नरमला. त्याने फोन लावून आत्याच्या हातात दिला. जयश्रीने आत्याचं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, ती स्टिकरं मीच चिकटवत होते," ती म्हणाली. "मला तिथे परत यायचं नाही."

आत्या स्टुलावरून उठली. मग तिने विचारलं, "शिवण येतं का गं तुला?"

जयश्रीने छाणीच्या आपल्या घरीच ब्लाउज शिवायला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक आत्या. नंतर आत्याने आपल्या निम्म्या शाळेला तिच्याकडे पाठवलं. ब्लाउज बरा नसला तर आत्या तोंडावर सांगायची आणि जयश्री न रागावता उसवायला घ्यायची.

या उन्हाळ्यात आत्या गेली. खबर मिळताच जयश्री आली, आत्याने शिवायला टाकलेला ब्लाउज घेऊन. शेवटच्या साडीवर आम्ही तोच घातला. हुक जयश्रीनेच लावले, एकेक करून, सावकाश.