'काढणे' या क्रियापदाचे दोन अर्थ

मंगळवारी सकाळी अविनाश भाऊजी गेले. नऊ वाजून वीस मिनिटांनी मेघनाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन आला. मी तेव्हा नुकताच लॅपटॉप सुरू केला होता. पडद्यावर दोन ओळींचा मेनू होता आणि त्याखाली सेकंदांचे आकडे उतरत होते. "काकू, बाबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" शब्दांच्या अर्थांत आयुष्य काढलेल्या बाईने हा प्रश्न विचारला... मला कळलं तेव्हा आकडे संपले होते आणि लॅपटॉप आपोआप पुढे निघून गेला होता.

अविनाश भाऊजी माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. कोयलीच्या रिफायनरीत त्यांनी कंट्रोल रूममधल्या पॅनेलसमोर नोकरी केली, निवृत्तीनंतर बडोद्यातच छाणीला राहत होते. हे गेल्यावर दर रविवारी दुपारी ते स्कूटरवरून अकोट्याला माझ्याकडे यायचे, चहा घ्यायचे आणि घरातलं काहीतरी दुरुस्त करायचे. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही की माझ्या शब्दांना हसायचे. मी साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासूबाई पहिल्याच जेवणाला म्हणाल्या होत्या, "निरांते जेव." निरांते म्हणजे सावकाश, निवांत, हे मला भाऊजींनी पानावर बसल्याबसल्या हळूच सांगितलं. असे, मराठी घरात गुजरातीतून येऊन मुरलेले शब्द मी तेव्हापासून टिपत आले. शाळेतली नोकरी संपल्यावर अकरा वर्षं बसून ते सगळे यांच्या लॅपटॉपवर उतरवले. भाऊजी त्याला 'वहिनींचं लोणचं' म्हणायचे. "मुरतंय अजून, बरणी उघडायची नाही."

तो लॅपटॉप जुना झाला होता. विंडोज उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माझी भाजी चिरून व्हायची, आणि यापुढे सुधारणा मिळणार नाहीत असा निरोप अधूनमधून पडद्यावर यायचा. भाऊजी म्हणाले, विंडोजऐवजी लिनक्स घालू, यंत्र पुन्हा पळेल. पण माझा शब्दसंग्रह जुन्या मराठी टंकात होता आणि तो ज्या प्रोग्रॅममध्ये उघडायचा तो फक्त विंडोजवरच चालायचा. म्हणून दोन्ही ठेवायचं ठरलं. एका घरात दोन बिऱ्हाडं, असं ते म्हणाले. लिनक्स भरायला त्यांनी माझ्याकडे पेनड्राइव्ह मागितला. "यात काही आहे का?" त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. मी पडद्यासमोर, आणि ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी, हातात कागद आणि पेन्सिल. ही त्यांची कारखान्यातली रीत. एकाने पॅनेल वाचायचं, दुसऱ्याने कागद धरायचा. दोघांनीही पॅनेलकडे पाहिलं तर दोघांनाही तीच चूक दिसते, असं ते म्हणायचे. "वहिनी, आधी वाचा. मग अर्थ सांगा. मग हात लावा." मी बाई माणूस म्हणून नव्हे, त्यांनी तीस वर्षं प्रत्येक नव्या ऑपरेटरला हेच सांगितलं होतं.

लिनक्ससाठी जागा त्यांनी आदल्या रविवारीच मोकळी करून ठेवली होती. आता फक्त कुठे काय बसवायचं ते नेमायचं होतं. मी एकेक ओळ वाचत गेले आणि एका ठिकाणी पिवळी खूण आली. बूट पार्टिशन नेमलेलं नाही, असेच पुढे गेल्यास यंत्र कदाचित सुरू होणार नाही, असा त्या इंग्रजीचा अर्थ मी सांगितला. खाली 'मागे' आणि 'पुढे' अशी दोन बटणं होती. एकटी असते तर मी पुढे गेले असते. आयुष्यभर 'कदाचित'ला मी सौम्य शब्द समजत आले आहे. भाऊजींना तो सौम्य वाटत नव्हता. "मागे चला," ते म्हणाले.

त्याच क्षणी मला आठवलं. शिवणाच्या डब्यात सारखे दिसणारे दोन पेनड्राइव्ह होते. शब्दसंग्रहाची प्रत ज्यात होती तोच मी त्यांना दिला होता. त्यातलं सगळं पुसून तिथे आता लिनक्स होतं आणि तोच पेनड्राइव्ह या यंत्राला लावलेला होता. म्हणजे जगात माझ्या अकरा वर्षांची एकच प्रत होती, आणि आम्ही जिथे हात घालणार होतो तिथेच ती होती. बोलायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं... शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलींचं मी किती कौतुक करायचे. मी गप्प बसले.

त्यांनी कागदावर खण काढले. शेवटचा मोठा खण नव्या बिऱ्हाडाचा, मधला विंडोजचा, आणि सुरुवातीला शंभर एमबीचा एक चिमुकला. "सगळ्या घराची किल्ली या चिमुकल्यात आहे. आपण लिनक्सला ती दाखवलेलीच नाही, म्हणून ते बोंबलतंय. तीच किल्ली दोघांनी वापरायची. पण तो खण पुसायचा नाही. पुसला तर खोली राहील आणि किल्ली जाईल." त्यांनी सांगितलं तसं मी तो खण निवडला, त्याला बूटची जागा नेमली. पिवळी खूण गेली आणि दुसरी आली. हा खण शिफारशीपेक्षा लहान आहे. मी 'मागे'कडे बोट नेलं तर ते म्हणाले, "थांबा. पहिली सूचना म्हणत होती दार नाही. ही म्हणते दार अरुंद आहे. अरुंद दारातून जाऊ आपण." मग कागदावर पेन्सिल टेकवून, अगदी शांतपणे, "आता त्या खणाच्या ओळीत फॉरमॅटचा चौकोन असेल. त्याची टिक काढा."

मी पाहिलं. चौकोन रिकामा होता. रिकाम्या चौकोनाची टिक काढायची तर अर्थ एकच. रांगोळी काढतात, फुली काढतात, तशी मी टिक काढली.

"काय केलंत ते सांगा," ते म्हणाले. हाही रीतीचाच भाग.

"काढली."

पेन्सिल थांबली. "काढली म्हणजे? होती ती गेली, की नव्हती ती आली?"

"नव्हती... ती आली."

रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग ते, माझ्या संग्रहातला शब्द आयुष्यात पहिल्यांदाच न हसता वापरत, म्हणाले, "वहिनी, काढी नाखो."

गुजरातीत त्याचा एकच अर्थ होतो. मी टिक काढून टाकली. ते उठून आले, माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, घाबरू नका, ती टिक म्हणजे खण पुसण्याचा हुकूम, पण शेवटचं बटण दाबेपर्यंत यंत्र काहीच लिहीत नाही. "चूक माझी, शब्द दुतोंडी वापरला. कारखान्यात असा शब्द वापरला असता तर मला बाहेर काढलं असतं. तरी आता हात आखडता घेतो आहे मी. शब्दसंग्रहाची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, दाखवा बरं एकदा."

मी लावलेल्या पेनड्राइव्हकडे बोट केलं. त्यांना समजायला एक क्षण लागला. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि विचारलं, "केव्हा लक्षात आलं?"

"पिवळी खूण आली तेव्हा."

"आणि मी 'कदाचित'ला घाबरत होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "निरांते, वहिनी, निरांते."

काहीही बसवण्याआधी त्या पेनड्राइव्हवरचं लिनक्स विंडोजचा खण उघडून आतलं वाचू शकतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. स्कूटरच्या किल्लीला एक छोटा पेनड्राइव्ह लावलेला होता. तो दुसऱ्या खाचेत घातला आणि पुन्हा पाठ करून बसले. वाचा म्हणाले. मी शब्दसंग्रह त्यात उतरवला आणि रीतीप्रमाणे पडद्यावर दिसेल ते मोठ्याने वाचलं. शब्दसंग्रह. स्कूटर विमा. अँजिओग्राफी.

"ते नाही वाचायचं," ते म्हणाले.

मी कोणाची म्हणून विचारलं. त्यावर ते, डॉक्टरांच्या भाषेत तेही एक अरुंद दार आहे, असं काहीसं बोलून हसले. "उन्हाळ्यानंतर बघू म्हटलंय."

"कोण म्हणालं उन्हाळ्यानंतर?"

"मी म्हणालो."

मी हसले. दोनच मिनिटांपूर्वी माझे शब्द वाचले होते, मला सगळंच हलकं वाटत होतं. मी चहा ठेवायला उठले. अर्थ विचारला नाही. वाचलं, आणि हात दुसरीकडे लावला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास यंत्र पुन्हा सुरू झालं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, वर लिनक्स, खाली विंडोज. मी खालची ओळ निवडली. नेहमीसारखा पुष्कळ वेळ गेला आणि माझा जुना टंक, माझे शब्द, सगळं जागच्या जागी दिसलं. मेनू मुळात दहा सेकंद थांबायचा. ते त्यांनी तीस केले. मी म्हटलं, इतके कशाला? "तुम्ही वाचणाऱ्या. तुम्हाला वेळ लागतो."

उन्हाळा संपायला तीन आठवडे होते तेव्हा तो मंगळवार आला. बाराव्याला मेघना म्हणाली, डॉक्टरांनी बाबांना जानेवारीतच लगेच या म्हणून सांगितलं होतं, आम्हाला ते नंतर कागदांत सापडलं. मी तिला फेब्रुवारीतल्या त्या रविवारचं सांगितलं. सगळं सांगितलं, मी हसले तेही. माझा हात धरून ती म्हणाली, "काकू, त्यांनी तुम्हाला तरी वाचू दिलं." यात मला माफ केलं होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शब्दसंग्रहात 'काढणे' ही नोंद मी केली आहे. शब्द गुजरातीतून आलेला नाही, नियमाने तिथे त्याला जागा नाही. पण बडोद्यात त्याचा दुसरा अर्थ सांगायला कधीकधी गुजराती लागते, एवढं खाली लिहिलं आहे. उदाहरण भाऊजींचंच 'त्याची टिक काढा' हे वाक्य आहे, नाव न घालता.

संग्रहाच्या आता तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपवर, एक माझ्या कपाटात, आणि एक मेघनाकडे, स्कूटरच्या किल्लीला. ती पुसू का म्हणून तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लॅपटॉप सुरू केला की मेनू येतो आणि आकडे उतरतात. तीस सेकंद आहेत. मी ते कमी केलेले नाहीत.