ढवळ्याच्या अंगावरचा तास

आमच्या अल्लीपूरच्या शाळेत रूपराव नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते आणि त्यांच्यापायी माझा आठवड्याचा एक तास हकनाक गेला. मी गणिताचा मास्तर. एकोणऐंशी साली आमचे हेडमास्तर महादेवराव यांनी ठरवलं होतं, की तपासणीला साहेब आले की चित्रकलेचा तास बंद करायची परवानगी मागायची आणि तो तास मला द्यायचा. पोरं गणितात ढ होती, हे कबूल. पण चित्रकलेत त्यांनी काय दिवे लावले होते, ते पाहिलं असतं म्हणजे कळलं असतं.

चित्र काढा म्हटलं, की एखादा कोरा कागद सोडला तर बाकी सगळ्यांवर तेच ते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचं झाड. अल्लीपुरापासून हिंगणघाटापर्यंत डोंगर शोधायला निघालात, तर जिनिंगमधली सरकीची रास तेवढी सापडेल. नारळ आम्ही देवापुढे फोडतो, झाडाला लागलेला कोणी पाहिलाय? रूपराव ते कागद माझ्यापुढे टाकून डोक्याला हात लावून बसायचे. तास गेला तर त्यांना भूगोल शिकवावा लागणार होता आणि भूगोलात या गृहस्थांना नकाशाला रंग कोणता द्यावा यापलीकडे काही कळत नव्हतं. "मी घरी बसीन, पन भूगोल नाई शिकवनार," म्हणायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

पोळा होऊन महिना झाला असेल. रूपराव डोमाजी नावाच्या शेतकऱ्याकडे दूध आणायला गेले आणि दूध विसरून गोठ्यातच उभे राहिले. समोर ढवळ्या बैल. त्याच्या पांढऱ्या अंगावर पोळ्याच्या गेरूच्या पुसट खुणा अजून होत्या. वाटीच्या काठाने उमटवलेले गोल, मधूनमधून हाताचे पंजे आणि मागच्या पायावरच्या गुबगुबीत पुठ्ठ्यावर, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन झपाझप निघालेली एक बाई.

"हे कोनं काढलं?" रूपरावांनी विचारलं.

"आमच्या नलूनं," डोमाजी म्हणाला. "काऊन, चुकलं का काई?"

नलू म्हणजे वर्गात कोरा कागद परत देणारी पोरगी. रूपरावांनी तिला बोलावलं. "तुले एवढं येते, तं वर्गात काऊन नाई काढत?"

"कागद लहान हाय ना, गुरुजी," नलू म्हणाली. "अन् तो हालत नाई."

रूपराव रिकामी चरवी वाजवत थेट माझ्या घरी आले. माणूस आनंदाने अक्षरशः हवेत होता. "साहेब येतीन त्या दिवशी शाळेत बैल आनतो."

"हेडमास्तर तुमाले बैलासंगच बांधतीन," मी म्हटलं.

"बांधू द्या. भूगोलापेक्षा बरं."

तपासणीच्या दिवशी डोमाजीच्या शेतात डवऱ्याचं, म्हणजे कोळपणीचं, काम नव्हतं, त्याने खुशाल बैल दिला. शाळेच्या कडुनिंबाखाली ढवळ्या उभा आणि भोवती सगळा वर्ग. गेरू, हळद, नीळ, वाट्या, भेंडीचे काप. नलूने आपली बाई पुन्हा ठसठशीत केली. कोणी एसटी काढली, टपावर कोंबड्यांसकट. एका हरामखोराने बरोबर पोटाच्या फुगवट्यावर मला काढलं, छडीसकट. पण अख्ख्या बैलावर डोंगर एकही नव्हता. साहेबांना घेऊन आलेले महादेवराव जागच्या जागी थिजले. "हे काय करून राह्यले तुमी, रूपराव?"

रूपरावांचं लक्षच नव्हतं. हौसेच्या भरात त्यांनी बैलाला बाशिंग बांधलं आणि गळ्यात घुंगरांची माळ घातली. इथेच चुकलं. अंग रंगलं, बाशिंग चढलं, की पोळ्याच्या तोरणाखाली जायचं आणि मग घरोघर, हे ढवळ्याला पक्कं ठाऊक. तो निघाला. साहेब म्हणजे आर्वीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सवयीने त्यांनी कासरा धरला आणि बैलाने त्यांना नेलं.

मारुतीच्या देवळापुढे ढवळ्या तोरणाची वाट पाहत थांबला, तोरण नाही म्हणून पुढे गेला आणि शकुबाईच्या दारात उभा राहिला. शकुबाई ज्वारी निवडत होती. दारात सजलेला बैल दिसताच ती आत पळाली, तांब्या घेऊन आली, बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि बैल आणणाऱ्याला पोळ्याला देतात तो बोजारा साहेबांच्या हातावर ठेवला. आज पोळा नाही, हे तिच्या डोक्यात बैल गेल्यावर आलं. तोवर पुढच्या दारांत ताटं तयार होती. पहिल्या घरी साहेब लाजले, दुसऱ्या घरी त्यांनी खिसा पुढे केला आणि पुढच्या घरी पुरणपोळीची चौकशी केली. मागे आम्ही सगळे, पोरं नाचतायत, रूपराव वाटी बडवतायत आणि देवाशप्पथ, मीही नाचत होतो.

मग बैल महादेवरावांच्या दारात थांबला. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई ताट घेऊन आल्या, ओवाळलं, आणि त्या गाठोडंवाल्या बाईपाशी थबकल्या.

"किती घाईनं चालली हे माय," त्या म्हणाल्या. "कोनं काढलं हो?"

सगळे महादेवरावांकडे पाहू लागले. "आमच्या चित्रकलेच्या वर्गानं," ते हळूच म्हणाले. त्यातलं 'आमच्या' ऐकून रूपरावांची वाटी बंद पडली.

"मंग पाया पडा ना, उभे काय?"

दारी आलेल्या बैलापुढे घरधन्याने वाकायचंच असतं. महादेवरावांनी टोपी काढून बैलाच्या अंगाला कपाळ टेकलं. उठले, तेव्हा कपाळावर ओल्या गेरूचा गोल उमटला होता.

साहेब कासरा सावरत म्हणाले, "हेडमास्तर, तुमी कायची तरी परवानगी मागनार होते ना?"

महादेवरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा रूपरावांकडे.

"थोडा गेरू पायजे होता साहेब, शाळेसाठी."

माझा तास गेला तो कायमचा. रूपराव ढवळ्याच्या गळ्यात पडून हसत होते की रडत होते देव जाणे, आणि ढवळ्या शेजारच्या दाराकडे ओढत होता.